अण्णांची लाल मोटार आणि माझा कारभार

आमच्या घरी एके काळी विलायती स्पोर्ट्स कार होती. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग गेली कुठं?"

माझे वडील, म्हणजे अण्णा, तरुणपणी बीडला मोटारी दुरुस्त करायचे. गेवराईकडचे एक जमीनदार कायमचे हैदराबादला निघाले, तेव्हा खूश होऊन त्यांनी ती गाडी अण्णांना देऊन टाकली. लालभडक रंग, दोनच माणसांची जागा आणि डोक्यावर टप नाही. अण्णांचं लग्न नुकतंच झालेलं. ते आईला म्हणाले, "चल, तुला कपिलधारचा धबधबा दाखवतो." आई दातात पदर धरून बसली. (बिनटपाच्या गाडीत सासरच्या गावातून जाताना पदर सांभाळायचा की जीव, हेच तिला कळेना!) निम्म्या वाटेत गाडी बंद पडली आणि नव्या नवरीनं ती ढकलत गावात परत आणली. अण्णा स्टिअरिंगवर! "कुनीतरी वळवाय नगं का?" असं ते अजून म्हणतात.

तेव्हापासून गाडी गोठ्यात उभी राहिली ती राहिलीच. "नीट करतो आन् तुला कपिलधारला नेतोच," हे आईनं चाळीस वर्षं ऐकलं. दर सुगीला गाडीच्या आजूबाजूला कडबा रचला जायचा, मग तो गाडीवरही चढला, आणि आम्ही तिला विसरलो. मग दुष्काळ पडला. रोज चार पेंढ्या काढता काढता कडबा खाली आला आणि एका सकाळी त्यातून दोन गोल दिवे आमच्याकडे बघायला लागले.

मी गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. संस्थेला चारा डेपोसाठी जागा हवी होती आणि मी सभेत छाती काढून आमचा गोठा देऊन टाकला होता. (घरी विचारायचं तेवढं राहिलं.) आता गाडी एक तर दुरुस्त व्हायला हवी, नाहीतर भंगारात जायला.

अण्णा म्हणाले, "गेवराईच्या रफीकभाई मेस्त्रीला बोलव. त्यो सांगंल तसं करू." आणि त्याच दुपारी दुरुस्तीचे जुने पाने काढून रॉकेलनं पुसत बसले. आईनं ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. ते कपिलधारला नेसायचं होतं. रफीकभाई 'नाही' म्हणाला तर?

मी मदतीला मामांना गाठलं. पाटोद्याच्या बाजारात मामांच्या शब्दावर बैल विकले जातात. मामांनी गाडीला फेरी घातली, मागच्या बाजूला थाप मारली, दिव्यात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "जनावर बाजारात कसं न्हेतेत रं? तेल लावून, शिंगं रंगवून! असं गबाळं हुबं केल्यावर कोन इचारतंय?"

"मामा, इकायची न्हाई. दुरुस्त होईल का ते बघायचंय."

"तेच की! बघनाराचं मन भरलं पायजे."

माणूस घाबरला की त्याला कुठलंही शहाणपण पटतं. टँकरच्या पाण्यात गाडी धुणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही ती कोरडीच पुसली. जिथं पुसलं तिथला पत्रा हातात आला. एवढी भोकं पडली की मामा दाराच्या पलीकडून मला दिसायला लागले! मग शेणामातीचा लेप देऊन सगळी भोकं बुजवली आणि वरून पोळ्याला शिंगं रंगवून उरलेल्या रंगानं गाडी रंगवली. लाल रंग अर्ध्या गाडीला पुरला. उरलेल्या अर्ध्या गाडीला निळा दिला.

दुसऱ्या दिवशी रफीकभाई आला. त्यानं खिशातून फडक्यात बांधलेलं चुंबक काढलं आणि दाराला लावलं. चुंबक खाली पडलं. परत लावलं, परत पडलं.

"सेक्रेटरी, दरवाजा कशाचा हाय?"

"विलायती लोखंड हाय," मामा म्हणाले. "आपलं चुंबक चिटकत नसंल त्याला."

रफीकभाईनं पेचकस टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर येताना कडब्याची काडी घेऊन आला. त्यानं वास घेतला. "ह्याच्यात शेन हाय."

"गोठा हाय," मी म्हणालो. "उडालं असंल."

"आतून?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात आमच्या म्हशीनं दावं तोडलं आणि ती तडक गाडीपाशी आली. दारावरून मान आत घालून तिनं गाडीचा तळ चाटायला सुरुवात केली. हाकलली तरी हटेना! रफीकभाईनं तळाला बोट लावून जिभेवर टेकवलं. "खारं लागतंय. गाडीत नमक कुनी ठेवलं होतं?"

आणि मला सगळं आठवलं. मागच्या दुष्काळात मी नवाच सेक्रेटरी झालो होतो. जनावरांसाठी संस्थेनं जाड्या मिठाची पोती आणली होती. जमिनीची ओल लागू नये म्हणून मी ती मोठ्या हुशारीनं गाडीत ठेवली होती. त्यातली दोन तळाला राहून गेली, वर कडबा आला आणि पुढं पाऊस झाल्यावर गोठ्याचे पत्रे गळत राहिले.

रफीकभाई गाडीखालून बाहेर आला. "अण्णा, खोटं बोलत न्हाई. वरचा पत्रा नवा होईल, पन खालचा सांगाडा, चेसीच मिठानं खाल्ल्याली हाय. ही नीट करायची म्हंजे दुसरी गाडी बनवायची आन् तिला हिचं नाव द्यायचं."

मी म्हणालो, "अण्णा, ते मीठ मी ठेवलतं."

"ठावं हाय. बघितलतं मी."

"मग बोलला कावून न्हाई?"

अण्णा हातातला पाना बघत राहिले. "काढ म्हनलो असतो, तर तू इचारलं असतं, गाडी कवा नीट करनार. त्याचं उत्तर न्हवतं माज्याकडं."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ते पाने जपत आले होते आणि मनातून त्यांना सगळं ठाऊक होतं. आईला मात्र दोघांचाही कंटाळा आला असावा. ती रफीकभाईला म्हणाली, "मेलं काय ते कळलं. जितं काय हाय?"

"चाकं आन् मागचा धुरा ठनठनीत हाय, भाबी."

त्या धुऱ्यावर रफीकभाईनं दुधाचे कॅन वाहायला टायरगाडी बांधून दिली. पुढं मोटारीचीच दोघांची बैठक बसवली. बैल मामांचे. गाडी संस्थेच्या कामाला लागण्याआधी तिची पहिली फेरी कपिलधारला गेली. अण्णांच्या हाती कासरा आणि शेजारी हिरवं लुगडं नेसलेली आई, दातात पदर धरून. धबधबा त्या साली आटलेला होता. आई कोरड्या कड्याकडे बघत राहिली. अण्णा ओशाळून म्हणाले, "पानी आलं की पुना आनतो."

"आना," आई म्हणाली, "ढकलाय लागली न्हाई, तेवढं लई झालं," आणि हसली. तिला इतकं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

मी मागे बसलो होतो. बैलांच्या आंबोणात घालायला मामांनी मिठाची पिशवी दिली होती. घरून निघताना ती मी खाली फळीवर ठेवायला गेलो, तोच आईनं मागे वळून बघितलं.

"मांडीवर धर," ती म्हणाली. "गाडीला लागू देऊ नगंस!"

संस्थेचा सेक्रेटरी जाताना आणि येताना ती पिशवी मांडीवर धरून बसला होता.