काळी पावडर भरणारी दीपमालाताई

दीपमालाताई काचेच्या पेटीत कोपरापातुर हात घालून बसली होती. पेटीला आतनं काळे रबरी हातमोजे लावलेले. त्यात हात घालून ती काळी पावडर एका नळीत भरत होती. नळी केवढी, तर पेनाच्या टोपनापेक्षा बारकी. तिला रोटर म्हनत्यात. चिमूटभर टाकायची, बारक्या दांड्यानं दाबायची, परत टाकायची. एका अंगाला जास्त झाली तर पुन्याच्या मशीनमधी नळी डगमगती आन फुटती, कारन तिथं ती सेकंदाला हजारो गिरक्या घेती. ताईची नळी तीन वर्सांत एकदा बी फुटली न्हाई.

मधीच तिचा हात थांबला.

"भुश्या, ही पावडर आपली न्हाई."

"कशावरनं?"

"आपली दाबली की रव्यावानी कुरकुरती. ही मैद्यावानी बसती."

ताई आमच्या भोंगवलीची, आमच्याच वस्तीतली. वस्तीतनं भोरच्या कॉलेजात जाऊन केमिस्ट्री केलेली पहिली पोरगी. एसटी चुकली तर हायवेपातुर चालत जायची, पन तास बुडवायची न्हाई. मी दहावीतच शाळा सोडली, मला एका जागी बसवत न्हाई. तिनं दोन महिने मला भूमिती शिकवायचा नाद केला, मंग हात टेकले आन दीनानाथ सरांना सांगून कंपनीची गाडी माझ्या हातात दिली. तवापासनं ताईला कुनी वाकडं बोललं की मी आधी बाह्या वर करायचो, मंग काय बोलला ते विचारायचो.

दीनानाथ सर भोरचे. तालुक्यात त्यांचं शेड. मोबाईलच्या, गाडीच्या बॅटरीत जी काळी पावडर असती, तिच्या कनाकनावर ते पातळ अस्तर चढवायचे. सर म्हनायचे, पावडरीचा रेनकोट. अस्तर टिकलं तर बॅटरी लवकर मरत न्हाई. पन शंभरदा चार्ज केल्यावर ते टिकलंय का, हे डोळ्याला दिसत न्हाई. मंग बॅटरी उघडून तीच पावडर नळीत भरायची आन पुन्याच्या मोठ्या चुंबकाच्या मशीनला लावायची. त्यात लिथियम आपला सूर येगळा देतं, अस्तरातलं अ‍ॅल्युमिनियम येगळा. आलेखावरनं कळतं की अस्तर शाबूत हाय का लिथियम त्याच्यात घुसलं.

आमचं अस्तर पाच येळा नापास झालं होतं. शुक्रवारी चाकनची पार्टी येनार होती. ह्या बारीला पास झालं तर काम मिळनार होतं, आन सरांनी ताईला पुन्याच्या मशीनवर शिकायला पाठवायचं कबूल केलेलं. तिला दुसरं काय बी नको होतं. आन सरांच्या कपाटात परदेशी अस्तराच्या पावडरीचा एक डबा होता, तुलना करायला आनलेला. ताईला वाटलं, सरांनी त्यातलीच दिली.

ती जाऊन तोंडावर बोलली. सर हसले.

"हातानं पावडर ओळखायला तू काय मिरचीकांडप चालवतेस? भर आणि पुण्याला घेऊन जा."

मी पुढं सरकलो. ताईनं माझा शर्ट धरला.

पुन्याच्या वाटंवर तिला म्हनलं, "लोकांसमोर सांगायचं. मी हाय तुझ्या बाजूनं."

"खोटं असलं तर शुक्रवारी मीच सांगनार. आदी मशीन काय म्हनतंय बघू दे."

मी त्यातलं पैलंच ऐकलं.

चार तासांनी ती मशीनकडनं भायेर आली. तोंड उतरलेलं.

"काय झालं?"

"आलेख चांगला आलाय."

"मंग चोरीच की."

"गप गाडी चालव, भुश्या."

शुक्रवारी सर पार्टीला आलेख दाखवत होते. ताई पार्टीपुढं कागद सरकवत हुती. मंग मीच आत शिरलो. "सायेब, ही पावडर ह्यांची न्हाई. परदेशी डब्यातली हाय. ताईला विचारा, तिनं हातानं वळखलीय."

सगळे तिच्याकडं बघाय लागले. ती टेबलाकडं बघत हुती.

"पावडर आपलीच आहे, सर," ती म्हनाली. "तो गैरसमज माझ्यामुळं झाला. माझी चूक."

"आहे" म्हनाली. माझ्याशी जल्मात "हाय" शिवाय बोलली न्हाई ती.

"ताई, माझ्याकडं बघून बोल."

तिनं बघितलं न्हाई. सरांनी हात पुढं केला, म्या गाडीची चावी त्यावर ठिवली.

फाटकापातुर ती मागनं आली. "भुश्या, माझं ऐक तरी."

"तुझं तू बघ आता."

पुढच्याच महिन्यात तिला पुन्याला मशीनवर पाठवलं. मंग तर मला काय सांगायची गरजच उरली न्हाई. धोंडाबाई, तिची आई, घरोघर पेढे वाटत आली. माझा पेढा म्या कुत्र्याला घातला. मार्गासनीला एकाचा टेम्पो धरला. सारोळ्याच्या फाट्यावर ताई एसटीतनं उतरताना दिसली की मी मान फिरवायचो. चार येळा ती जवळ आली, चार येळा मी टेम्पो चालू केला. पाचव्यांदा ती आली न्हाई.

आठ महिन्यांनी टेम्पोत गॅसचे सिलेंडर घिऊन त्याच पुन्याच्या मशीनवर जायची येळ आली. ताई त्या दिवशी रजेवर. मशीन चालवनाऱ्या वैदेही मॅडमनी पावती फाडताना माझं नाव वाचलं.

"भोंगवलीचे भूषण तुम्हीच का? दीपमाला तुमच्याबद्दल बोलते."

"आमचं बोलनं न्हाई."

तवा मॅडमनी सांगितलं. त्या दिवशी ताईनं लिथियम, अ‍ॅल्युमिनियम झाल्यावर हट्टानं सोडियम बी बघायला लावलं. म्हंजे मीठच. परदेशी पावडरीत त्याचा सूर नसतो. ह्या पावडरीत होता, बारका पन साफ. म्हंजे पावडर आमच्याच शेडातली. सरांनी ती नुसती जास्त बारीक दळलेली, म्हनून हाताला मऊ लागली.

"मीठ कुठून आलं ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही," मॅडम म्हनाल्या. "तो आलेख तिनं सरांनाही दाखवला नाही. दाखवला असता तर वाद तिथंच मिटला असता."

अस्तराला शुद्ध केलेलं पानी लागायचं, ते पुन्याहून मी आनायचो. त्या महिन्यात दोनदा मला कटाळा आला, म्या सारोळ्याच्या एका हाटेलाच्या खाऱ्या बोअरवर कॅन भरले. एकदा ताईनं बघितलं होतं.