कस्तुराच्या गाण्याच्या अक्का

अक्कांच्या सत्कार समितीची मंडळी गौरवग्रंथासाठी लेख मागायला आली तेव्हा मी त्यांना म्हटलं, बाबांनो, मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई, मला काय लिहायला सांगता? तर ते म्हणाले, आजी, अक्कांच्या मागं झील कोणी धरली? मी म्हटलं, मी. मग तुम्हीच लिहायचं, म्हणाले. झील म्हणजे म्होरक्या गाणाऱ्यानं ओळ टाकली की मागच्यांनी ती उचलायची. हा लेखही तसाच समजा. ओळ अक्कांची आहे, मी नुसती उचलते आहे.

महानंदाअक्कांची आणि माझी पहिली ओळख कानांनी झाली, माणूस नंतर दिसलं. बहात्तरचा मोठा दुष्काळ नव्हे, त्याच्या नंतरचा, लातूर जिल्हा व्हायच्या आधीचा. त्या दुष्काळाला कोणी नाव दिलं नाही, पण आमच्या लोहा भागातल्या विहिरी त्याला ओळखतात. आमच्या गावाच्या शिवेवर एक नाला आहे. अलीकडं नांदेड जिल्हा, पलीकडं तेव्हा उस्मानाबाद. तिथं पाझर तलावाचं काम निघालं आणि दोन्हीकडची माणसं दगड फोडायला, माती वाहायला आली. दुपारी ऊन असं पांढरं पडायचं, की समोरची माणसं पाण्यात उभी असल्यासारखी हलायची. त्या उन्हातून एक आवाज आला. मला वाटलं, कुठंतरी मोट चालली आहे. कोरड्या रानात मोट कुठली? पण घसा ओला झाल्यासारखं वाटलं एवढं खरं. मी पाटी डोक्यावर तशीच घेऊन आवाजाच्या मागं गेले. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या अक्का हातोडीच्या ठेक्यावर गात बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तंगी, पाटी उतरव आधी. मान मोडून घेऊन गाणं ऐकू नये."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. अक्कांचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, तिकडं मराठीत कानडी मिसळूनच बोलतात. त्यांचे यजमान शिंपीकाम करायचे. दुष्काळात नवं कापड कोण शिवतं? म्हणून दोघंही कामावर आलेले. यजमान फार कमी बोलायचे. अक्कांनी ओळ टाकली की तेवढी मान हलवायचे. ती मान हलली नाही तर अक्का ओळ बदलायच्या.

आता ज्या गाण्यासाठी सारा मराठवाडा अक्कांना ओळखतो, त्या कस्तुराच्या गाण्याचं सांगते. लोक म्हणतात ते फार जुनं आहे, कोणी म्हणतात निजामाच्या काळचं आहे. तसं काही नाही. ते त्या नाल्यावर, माझ्या डोळ्यांदेखत झालं. रोज दुपारच्या सुट्टीत एक कडवं. कस्तुरा नावाची पोरगी कामावर येते आणि पलीकडच्या गावचा पाणक्या तिला ओंजळीत पाणी घालतो, एवढीच सुरुवात.

पल्याडच्या पाणक्या रं, घागर तुझी सरंना,
तहान माझी भागली तरी ओंजळ मागं फिरंना.

हे आज लग्नाच्या बँडवर वाजतं, मोबाइलमध्ये वाजतं. माझी नात लातूरला क्लासला असते, तिच्या खोलीतल्या पोरी ते ऐकत गणितं सोडवतात. त्या पोरींना ठाऊक नाही आणि आजवर घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं, पण आता अक्कांना विचारून लिहिते. ती कस्तुरा मी, आणि घागरवाला पाणक्या म्हणजे आमच्या घरचे. आत्ता बाहेर बाजेवर बसून शेंगा फोडत आहेत. अजूनही ओंजळीपेक्षा जास्त पाणी ओततात आणि माझी सगळी ओसरी ओली करतात.

अक्कांनी आम्हाला कधी पकडलं, मला कळलंच नाही. मला वाटायचं, मी कोणाकडं बघत नाही. अक्का म्हणाल्या, हाव, बघत न्हाईस, म्हूनच तुझं पाणी कोपरावरून गळून राहिलंय. पण त्यांनी कोणाला सांगितलं नाही. गाण्यात घातलं आणि असं झाकून घातलं की आमची आम्हालाही ओळख पटू नये. कस्तुराच्या बापाला त्यांनी घोडी दिली, वळलेल्या मिशा दिल्या. आमच्या आबांना मिशाच नव्हत्या, आणि घोडी सोडा, एक म्हातारा बैल होता.

बायकांना त्या गाण्याचं असं वेड लागलं की त्यांनी अक्कांना एक कायदाच घालून दिला. काम चालू आहे तोवर कस्तुराचं लग्न लावायचं नाही. लग्न लागलं की गाणं संपलं, मग उद्या कशाच्या आधारानं घण उचलायचा? अक्कांनी ते मानलं. गाणं लांबत गेलं. कस्तुराच्या वाटेत कधी काटे आले, कधी मावशी आडवी आली, कधी पाणक्याची घागरच फुटली, आणि शेवटी बाप दारात आडवा उभा राहिला. मग एकदाचा पाऊस झाला, काम बंद पडलं आणि माणसं आपापल्या गावी पेरायला पळाली. शेवटचं कडवं राहूनच गेलं. अर्धं गाणं गावोगाव गेलं आणि ज्यानं त्यानं आपला शेवट लावला. उमरीकडं कस्तुरा रेल्वेत बसून पळाली. आमच्या गावात तर तिला विहिरीतच ढकलली. माझी आई ते ऐकून कानावर हात ठेवायची.

माझंही तसंच अर्धं राहिलं होतं. पलीकडून ह्यांचे मामा मागणी घालायला आले. जात-गोत, शेतवाडी, सगळं जुळलं. मग आबांनी जिल्हा विचारला. उस्मानाबाद म्हणताच ते उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. नाल्याच्या पलीकडचं गाव, चुलीचा धूर दिसतो, पण आबांसाठी ते उस्मानाबाद होतं. त्याला कारण होतं. त्यांची बहीण त्या जिल्ह्यात, आत कुठंतरी लांब दिलेली. बहात्तरात ती गेली. सांगावा उशिरा आला, आबा पोचले तेव्हा नुसतं घर होतं. तेव्हापासून त्या नावाला पोरगी द्यायची नाही, हे त्यांचं ठरलेलं. माझी बोलणी त्यांनी उमरीला सुरू केली. उमरी कितीतरी लांब, दोन एस्ट्या बदलाव्या लागायच्या. पण जिल्हा आपला. दिवाळीनंतर सुपारी फोडायची होती. मी अक्कांना निरोप धाडला, एवढाच, की कस्तुरा उमरीला चालली.

अक्का लगेच आल्या नाहीत. त्यांची घाई कधी दिसत नाही. तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. जिकडंतिकडं पताका. लातूरला नव्या जिल्ह्याच्या आनंदाचा एक कार्यक्रम होता, त्यात अक्कांचं गाणं ठेवलेलं. आबांना बैलासाठी पेंड आणायला लातूरला जायचंच होतं. आम्हा बायकांनाही त्यांनी नेलं. आम्ही मंचाखाली झील धरायला बसलो. आबा समोर, पेंडीच्या पोत्यावर.

एक सांगायचं राहिलं. आबा त्या गाण्याचे सगळ्यात मोठे भक्त होते. बैलामागं तेच गुणगुणायचे. कस्तुराच्या बापाला शिव्या घालायचे. म्हणायचे, काय काळीज हाय का दगुड. मी भाकरी वाढता वाढता खाली बघायची.

तर अक्कांनी गाणं म्हटलं. संध्याकाळचं ऊन पिवळं होऊन सगळ्यांच्या तोंडावर आलेलं. पताका हलत होत्या, त्यांच्या सावल्या माणसांवरून फिरत होत्या, आणि मला वाटत होतं की आपण जमिनीवर नाहीच. जिथं काम बंद पडलं होतं तिथवर गाणं आलं. मग अक्कांनी नवी ओळ टाकली.

कस्तुराच्या बापा, तुझ्या दारी गाणं थांबलं,
तुझ्या एका शब्दापायी किती ऊन लांबलं.

आम्ही ती उचलली. अक्का थांबल्या आणि लोकांना म्हणाल्या, शेवट मला येत नाही, तुम्हीच सांगा, बापानं काय करावं? आबा पोत्यावरून उठले आणि सगळ्या माणसांत मोठ्यानं म्हणाले, "अरे दे की बाबा पोरगी. कशाला अडवून धरलास?" लोक हसले, टाळ्या पडल्या. अक्कांनी आबांना हात जोडले आणि खाली बसल्या. शेवटचं कडवं तेव्हाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या यजमानांना घेऊन आमच्या घरी आल्या. चहा झाला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. अक्का म्हणाल्या, "दादा, कस्तुरा कुठली, हे तुमी कदी इचारलं न्हाई."

"कुठली?"

"ती बगा. तुमच्यासाठी पाणी घिऊन उभी हाय."

आबा तांब्याकडं बघत राहिले. माझ्याकडं बघितलं नाही. मग म्हणाले, "पोरगं नाल्यापल्याडचं. म्हंजे उस्मानाबाद."

"आता लातूर झालं की दादा."

आई तोंडावर पदर घेऊन हसली. लातूर म्हणजे आबांचं घरचं. तिथं ते तूर घालायचे, तिथले आडते त्यांना नावानं ओळखायचे. पण आबा हसले नाहीत. म्हणाले, "नाव बदलून काय व्हतंय, अक्का. माझ्या भैनीनं हाक मारली आसंल, मला ऐकू आली न्हाई."

यावर अक्कांनी त्यांना समजावलं नाही. एवढंच म्हणाल्या, चला नाल्यावर. अक्का पायताण हातात घेऊन पलीकडं गेल्या, ह्यांच्या गावच्या पहिल्या घरापाशी उभ्या राहिल्या. इकडच्या काठावर आबा, आई, मी आणि अक्कांचे यजमान. पिकं वर आली होती, वारा नव्हता. अक्कांनी तिकडून साध्या आवाजात, जोर न लावता, गाणं म्हटलं. शब्द न् शब्द आमच्याकडं आला, जणू कोणी ओसरीत बसून म्हणतं आहे. यजमानांनी मान हलवली. आबांनी डोकं खाली घातलं, पटका काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "ऐकू येतं."

माझ्या लग्नाची चोळी यजमानांनी शिवली. हळदीला अक्कांनी कस्तुराचं शेवटचं कडवं म्हटलं, फक्त आमच्या मांडवात. पुढं नांदेडहून एक गृहस्थ गाणं ध्वनिमुद्रित करायला आले, त्यांनी कस्तुरा खरी का म्हणून फार खोदून विचारलं. अक्का म्हणाल्या, खरी असती तर तिला तुमच्या पेटीत कशाला घातली असती? शेवटचं कडवंही दिलं नाही. लोकांनी लावलेले शेवट त्या कधी खोडत नाहीत. एकदा लातूरच्या रिक्षा थांब्यावर एका रिक्षावाल्यानं त्यांना सांगितलं, मावशी, तुमची चाल चुकून राहिली. अक्कांनी त्याच्याकडून त्याची चाल शिकून घेतली, आणि सांगते, ती चांगली होती.

आबा होते तोवर महिन्यातून एकदा तरी नाल्याच्या काठावर यायचे आणि नुसतं माझं नाव घ्यायचे. मी हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि ओ द्यायची. एवढंच. मग ते परत जायचे. तलाव पुढं पुरा झाला, आता मध्ये त्याचं पाणी असतं, त्यावरून आवाज आणखी लांब जातो.

अक्का, तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, डोळे शाबूत राहोत, गळा असाच ओला राहो. तुमची लेकरं, सुना, नातवंडं कोणत्याही जिल्ह्यात असोत, तुम्ही साध्या आवाजात बोलावलं तरी त्यांना ऐकू जावं. आणि खूप खूप वर्षं, आम्ही कुणी तंगी नाल्याच्या काठावरून अक्का म्हणून हाक मारू, तेव्हा पलीकडून तुमची ओ येवो.