जल्दी या आहिस्ता?

दगड हातात आला की आमचे जमीलसर आधी तो चाटायचे. ओल्या दगडातले दाणे उठून दिसतात, हे आम्हाला नंतर कळलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मात्र भूगर्भशास्त्र सोडून दुसरा विषय घ्यावा असंच मला वाटलं होतं. चाटून झालं की भिंगातून बघायचं आणि दगड आमच्यापुढे धरून ठरलेला सवाल टाकायचा, "जल्दी या आहिस्ता?" म्हणजे जमिनीतून वर आलेला हा तापलेला रस थंड कसा झाला, भराभर की सावकाश?

एकदा करमाडजवळच्या खाणीत मी दोन दगड उचलले. एकात हिरवे दाणे, दुसऱ्यात काळे. "सर, ह्यो रस येगळा अन् त्यो येगळा," मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

सर गालात हसले. "नाय बेटा, रस एकच. हिरवा दाणा पैले जमतो. टाइम मिळाला तर रसाशी मिळून काळा बनतो. जल्दी थंड झालं, तर बिचारा हिरवाच अडकून ऱ्हातो." हिरवा दगड त्यांनी मलाच देऊन टाकला. नापास झालेल्यांवरही हा माणूस कधी खेकसला नाही. "टाइम देओ ना त्याला," एवढंच म्हणायचे. मला पहिल्या वर्षी त्या वाक्याची फार गरज पडली.

निवृत्तीनंतर सरांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. छावणीतल्या घरी भेटायला गेले, तर सरांच्या बायको, आमच्या चाची, दारातच रडायला लागल्या. "किसीकू पैचानते नैं बेटा. मेरेकू बी नैं."

मी पर्समधून तो हिरव्या दाण्यांचा दगड काढला आणि सरांच्या डाव्या हातात ठेवला. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग हात हळूहळू वर गेला आणि त्यांनी दगडाला जीभ लावली. चाचींनी ओढणी तोंडावर धरली.

"सर," मी विचारलं, "जल्दी या आहिस्ता?"

ओठ हलले, शब्द येईना. चाची काही सुचवायला निघाल्या, मी त्यांचा हात धरला. समोरचा चहा पार निवून गेला.

"ज... जल्दी," सर म्हणाले.

उत्तर बरोबर होतं.