डोकरीचा देव

डोकरी सात वर्षांची होती. आमच्या त्या डोंगराळ मुलखात डोकरी म्हणजे म्हातारी. हे नाव तिला तिच्या सख्ख्या आजीनेच ठेवलं होतं म्हणतात, कारण बोलायला लागल्यापासून ही पोर पोरासारखी बोललीच नाही. कोणी काही विचारलं की आधी विचारणाऱ्याकडे नीट बघायची, मग कडेवरच्या भावाला या बाजूचं त्या बाजूला घ्यायची आणि मग उत्तर द्यायची. तोवर विचारणारा आपलाच प्रश्न विसरलेला असायचा. तिचं खरं नाव बुधी, हे मला महिनाभराने कळलं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. जव्हार संस्थानच्या नोकरीत मास्तर म्हणून लागलो आणि पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर शाळा काढायला मला धाडलं. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर आणि पुढे सारवलेली ओसरी. पटावर अकरा मुलगे. शेतात काम नसेल तेव्हा त्यातले सहासात यायचे. मुलींनी शाळेत येण्याची रीत नव्हती. डोकरी यायची ती सावलीसाठी. आईबाप शेतावर, दोन वर्षांचा भाऊ हिच्या कडेवर, आणि दुपारचं टेकायला आमच्या ओसरीइतकी गार जागा पाड्यात दुसरी नव्हती. मी तिला हाकललं नाही, एवढंच माझं पुण्य.

आता माझ्याविषयी एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझे वडील कीर्तन करायचे. घरात पोथ्यांचा ढीग. त्यामुळे आपणही एखादा आध्यात्मिक ग्रंथ लिहावा अशी खाज मला मिसरूड फुटायच्या आधीपासून होती. लिहायचं काय, हे मात्र माहीत नव्हतं. दौत होती, बोरू होता, कोरी वही होती, आणि सांगण्यासारखं मनात काडीइतकंही नव्हतं.

एके दिवशी मुलांना मी विचारलं, देव कुठे असतो? एक म्हणाला आकाशात. दुसरा म्हणाला जव्हारला, कारण मोठी माणसं सगळी तिथेच असतात. मी हसत होतो तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "देवाला वर कोणी नेला? वर काय पिकत नाय. तो तिथं खाईल काय?" मी बाहेर जाऊन म्हटलं, मग तूच सांग. तिने भावाची बाजू बदलली. "आवणीला येतो तो. सगली वाकून रोपा लावतात ना, त्यात एक जण जास्तीचा असतो. मोजला तर सापडत नाय." त्या संध्याकाळी मी वही उघडली.

तिचा देव कधी एका जागी बसलेला नसायचा. तो कामात असायचा. सूर्यमाळला तिचं आजोळ होतं, आणि तिथे उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल. बायका झिऱ्यापाशी, म्हणजे पाझराच्या खड्ड्यापाशी, तासन् तास बसून वाटीने पाणी भरतात. डोकरी म्हणाली, "झिऱ्याचे तळाला देव बसलाय. तो पण वाटीनंच भरतो. त्याची घाई करून चालत नाय." पाड्याच्या शिवेवर वाघदेव होता. त्याला वर्षाला कोंबडा मिळे. मी तिला विचारलं, हा वाघ की देव? "दोनी," ती म्हणाली. "भूक लागली का वाघ, पोट भरला का देव." मी हसलो, पण ती हसली नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

प्रार्थनेच्या वेळी मी मुलांना हात जोडून डोळे मिटायला लावायचो. डोकरी डोळे सताड उघडे ठेवून बसायची. मी रागावलो तर म्हणाली, "डोले मिटले तर भाऊ पायरीवरून पडंल, मास्तर. माझे हात मोकले नाय, हा देवाला माहीत हाय." पुढे कित्येक वर्षं प्रार्थनेच्या वेळी मी स्वतःच एक डोळा उघडा ठेवायचो. पोरांना वाटायचं मास्तर पहारा करतात.

वर्षभरात वही भरली. इथे माझी चूक सुरू होते. डोकरीचं बोलणं मी तिच्या भाषेत लिहिलं नाही. पुण्याच्या पुस्तकांत शोभेल अशा मराठीत लिहिलं, मध्ये मध्ये 'हे जगन्नियंत्या' वगैरे घातलं, आणि वर नाव दिलं 'बालयोगिनीचे बोल'. आज ते नाव लिहितानाही कानशिलं तापतात. नाशिकच्या एका छापखान्याला पत्र घातलं. पुस्तक छापू असं त्यांचं उत्तर आलं, तेव्हा मी दोन दिवस जमिनीवर नव्हतो.

वही धाडण्याआधी ती पाड्याला वाचून दाखवावी असं मनात आलं. भात झोडून झालं होतं, खळ्यावर माणसं बसली होती. मी वडिलांच्या थाटात, आवाज चढवत-उतरवत वाचलं. एक बाई म्हणाली, "हा आमची बुधी बोलली?" मी म्हटलं, अक्षरन् अक्षर तिचं आहे. तीच पोर रोज हेच त्यांच्या दारात बोलत होती, तेव्हा कोणी मान वर करून पाहिलं नव्हतं. माझ्या वहीतून, माझ्या आवाजात आलं, आणि तो देवाचा बोल झाला.

पुढच्याच आठवड्यात तिच्या दारात नारळ आला. मग हळदीकुंकू, मग खालच्या पाड्यावरून एक म्हातारा आपल्या गुडघ्यांची तक्रार घेऊन आला. पोरं तिच्याशी खेळेनाशी झाली. तिची आई एकदा शाळेत येऊन म्हणाली, "मास्तर, बुधीला आता कोणी पानी आण म्हणत नाय, शेण भर म्हणत नाय. ती कोपऱ्यात बसून रडते." डोकरीने मला विचारलं, "हे माझे पाया कशाला पडतात?" मी काहीतरी मोठं उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मी खूश होतो. पुस्तकाला आणखी एक प्रकरण मिळेल असा माझा हिशेब.

मग सूर्यमाळहून एक जोडपं तापाने फणफणलेलं तान्हं घेऊन आलं. बाईने ते बाळ थेट डोकरीच्या मांडीवर ठेवलं. मी तिथेच होतो. डोकरीने बाळाच्या कपाळाला हात लावला, भावाला लावायची तसाच, आणि म्हणाली, "माला काय येत नाय. हा लय तापलाय. याला जव्हारचे दवाखान्यात न्या, आता लगेच." शहाण्या माणसानेही याहून बरं काही सांगितलं नसतं. ते निघाले, पण आमच्याकडे येण्यातच त्यांचा दिवस गेला होता. बाळ वाटेतच गेलं. पंधरा दिवसांनी आमच्या पाड्यात एक धडधाकट बैल बसला तो उठला नाही. आदल्या दिवशी डोकरीने त्याच्याकडे बघून 'थकलाय' म्हटलं होतं, असं कोणाला तरी आठवलं.

कुजबुज सुरू झाली. भुताळी. जिच्या नजरेने, जिच्या जिभेने वाईट होतं ती भुताळी. त्या काळी हा शब्द एखाद्या बाईला चिकटला की तिला गावात जगू देत नसत, आणि आठ वर्षांची आहे म्हणून कोणी सोडलं असतं याची मला खात्री नव्हती. तिच्या दारात नारळ येणं थांबलं. लोक तिच्या घरावरून जाताना लेकरांची तोंडं पदराखाली झाकू लागले.

पाड्याचा भगत, देवाचं आणि अंगाऱ्या-धुपाऱ्याचं बघणारा, माझ्याकडे आला. साठीचा, कमी बोलणारा माणूस. इतक्या दिवसांत तो शाळेची पायरी चढला नव्हता. बसला आणि म्हणाला, "मास्तर, पोर बोलत होती तवर काय बिघडला नव्हता. तुमी वाचलात, मग ती देव झाली. आता तिचे तोंडात देव हाय म्हटल्यावर भला झाला तरी तिचा, वाईट झाला तरी तिचा. तुमी सगल्यांसमोर सांगा, तो बोल तिचा नाय, तुमचा."

"पण तो तिचाच आहे," मी म्हणालो.

"माला माहीत हाय," भगत म्हणाला. "मी तिला तान्ही असल्यापासून ऐकतो. पण सांगायचा तर दाणा हातात घेऊन सांगावा लागंल, नाय तर कोणी मानणार नाय. आणि दाणा हातात घेऊन खोटा बोलला त्याचे घरात दाणा टिकत नाय, हा पण तुमाला आधीच सांगतो."

दाण्याची शपथ त्या मुलखात सगळ्यात मोठी. धान्य हीच तिथली देवी. मी कीर्तनकाराचा मुलगा, असल्या शपथांवर माझा विश्वास नव्हता असं म्हणायला मला आवडेल. पण त्या दिवशी मी घाबरलो होतो, आणि ते पुस्तकासाठी किती आणि शपथेसाठी किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर सगळे जमले. भगताने माझ्या ओंजळीत भाताचे दाणे ठेवले. समोर डोकरी आईला चिकटून उभी होती, भाऊ कडेवर. मी म्हणालो, "मी वाचलं त्यातलं एकही वाक्य या पोरीचं नाही. देवाविषयीचं ते सगळं मी रचलं. मला पुस्तक छापून नाव कमवायचं होतं, म्हणून तिचं नाव घातलं. तिला यातलं काही कळत नाही. ती साधी पोर आहे." मग वही सगळ्यांसमोर शेकोटीत टाकली. एका म्हातारीने मला तोंडावर शिव्या दिल्या. बाळ गेलेल्या घरचं कोणी तिथे असतं तर त्यांनी मला मारलंही असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. पण लोकांची नजर डोकरीवरून हलली आणि माझ्यावर आली. दोन दिवसांत मी पाड्यातून फिरताना डोकरी मला झिऱ्याच्या वाटेवर दिसली. डोक्यावर हंडा होता. तिला कोणीतरी पाणी आण म्हटलं होतं.

त्यानंतर ती एकदाच ओसरीवर आली. आधी माझ्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, "मास्तर, तो मी बोलले नव्हते?"

खळ्यावर खोटं बोलणं सोपं होतं. हे अवघड होतं. पण तिने बाहेर कुठे 'मीच बोलले' म्हटलं असतं तर सगळं पाण्यात गेलं असतं. मी म्हणालो, "नाही बुधी. ते माझं होतं. मी तुला वाचून दाखवलं, म्हणून तुला आपलं वाटतं."

तिने भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "बरा," म्हणाली, आणि गेली. देवाविषयी ती पुन्हा माझ्याशी कधी बोलली नाही. मी एका मुलीकडून तिचा देव काढून घेतला, असंच मी धरून चाललो. पुढल्या वर्षी माझी मोखाड्याला बदली झाली. निघताना सगळी पोरं नाल्यापर्यंत पोचवायला आली, त्यांत ती नव्हती. छापखान्याला मी पुस्तक नाही असं कळवलं होतं. नंतरही मी कोणताच ग्रंथ लिहिला नाही.

वीसेक वर्षांनी मी जव्हारला मोठ्या शाळेत होतो. केस पिकले होते. बाजाराच्या दिवशी एक बाई टोपलीत करवंदं घेऊन बसलेली दिसली. शेजारी पाचसहा वर्षांचा मुलगा काहीतरी विचारून तिचं डोकं खात होता. ती त्याला सांगत होती, "देव बोलत नाय, कारण तो ऐकत बसलाय. सगल्यांचा बोलून झाला का मग तो बोलंल. आमचे मास्तर सांगायचे."

मी थांबलो. तिने वर बघितलं, नीट बघितलं, आणि मग ओळखलं. घरच्यांची विचारपूस झाली. तिचा धाकटा भाऊ आता बापाची शेती बघत होता. तिने मुलाला माझ्या पाया पडायला लावलं आणि द्रोणभर करवंदं बळेच माझ्या हातात दिली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बुधी, मी असं कधीच सांगितलं नव्हतं. हे तुझं आहे. तेव्हाचंही सगळं तुझंच होतं. मी तुझ्याशी खोटं बोललो."

"माला माहीत हाय," ती म्हणाली. वीस वर्षं मी ज्याचं ओझं वाहिलं ते तिने करवंदं निवडता निवडता बाजूला ठेवलं.

"मग माझं नाव का सांगतेस?"

"तुमी दाणा हातात घेऊन बोललात ना, मास्तर. हा बुधीचा नाय, माझा, असा. तेव्हापासून माझे मनात देवाचा काय पण आला तर मी तुमचे नावानंच सांगते. पाड्यात सगल्यांना, माझे पोरांना. सगला तुमचाच झाला, म्हणजे दाणा खोटा होत नाय."

भर बाजारात, पिकल्या केसांनी, मी डोळे पुसत उभा होतो आणि तिचा मुलगा माझ्याकडे टकमक बघत होता. तिने आणखी मूठभर करवंदं माझ्या द्रोणात टाकली. मग विचारलं, "तुमचे घरात दाणा कधी कमी पडला का?"

"नाही," मी म्हणालो. खरंच कधी पडला नव्हता.