कळ काढ जरा

गाडी काढायच्या आधी आमच्या घरात एक हुकूम सुटतो. सगळ्यांनी जाऊन घ्या. कुठे, ते कोणी बोलत नाही.

गेल्या मे महिन्यात बोरीवलीहून गावाला निघालो, तेव्हा वहिनीने तो दोनदा सोडला. एकदा घरात, एकदा लिफ्टपाशी. दादा गाडी चालवणार, शेजारी आई. मागे वहिनी, मी, आठ वर्षांची भाची आणि पाच वर्षांचा भाचा. गाव कणकवलीच्या अलीकडे. म्हणजे दिवस मोडलाच.

वहिनीच्या दोन हुकुमांना कारण होतं. भाचीला फेब्रुवारीत लघवीचं इन्फेक्शन झालं, एप्रिलमध्ये पुन्हा झालं. डॉक्टरबाईंनी साधं सांगितलं होतं: पाणी भरपूर पी, आणि आली की जा, अडवून धरू नकोस. तिसऱ्यांदा झालं तर मात्र किडनीच्या तपासण्या कराव्या लागतील. त्या शब्दानंतर वहिनी पोरीच्या ग्लासाकडे डोळे लावून बसायची.

पवईला अडकलो. सकाळी साडेसहाला. रस्ता पुन्हा खणलेला होता. भाच्याने खिडकीतून तलाव पाहिला.

"समुद्र आला! आजी, गाव आलं?"

"इलाच," आई म्हणाली.

"आई, अजून विक्रोळीपण आली नाहीये," दादा म्हणाला. "त्याला आत्तापासून टोप्या लावू नकोस."

"मगे काय सांगू? संध्याकाळ व्हतली म्हणान? आत्ताच भोकाड पसरीत."

आमच्याकडे मुलांना अंतर असं सांगतात. पनवेलला इलाच, पेणला इलाच. सरकारही रस्त्याबद्दल गेली कित्येक वर्षं हेच सांगतंय, फक्त त्यांचं मराठी शुद्ध असतं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. आमचा सात-आठ जणांचा गट आहे. पत्रकं काढतो, वाटतो, निवेदनं देतो, हाकलले जातो. आदल्या दिवाळीत याच रस्त्याने गावाला जाताना मी थांब्याथांब्यावरच्या बायकांच्या संडासाचे फोटो काढले होते. कडी नसलेले, पाणी नसलेले, दारच नसलेले, आणि कुलूप लावून किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नसलेले. पोरं मागे बसून मार्क द्यायची. भाचा सगळ्यांना शून्य द्यायचा. भाची विचार करून द्यायची. "पाणी आहे, पण कडी नाही. दोन." आम्ही हसायचो. ते फोटो पत्रकावर छापले. मथळा माझाच: 'कळ काढा, काम चालू आहे!' भाचीने आमच्या हॉलमध्ये बसून पत्रकांच्या घड्या घातल्या. मला तिचा फार अभिमान वाटला होता.

वडखळला वहिनीने विचारलं, "पाणी प्यायलीस?"

"हो."

नागोठण्याला विचारलं. "हो." कोलाडला भाच्याला तहान लागली, त्याची बाटली रिकामी होती, म्हणून मी भाचीची उचलली. ती जड लागली. झाकण उघडलं. काठोकाठ भरलेली.

"सकाळपासून काय प्यायलीस गं?"

"थुंकी गिळतेय."

वहिनी गर्रकन वळली. "का? का पण? डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

"पाणी प्यायलं की येणार. आली की जावं लागणार. आणि ते सगळे घाणेरडे आहेत." मग माझ्याकडे बोट. "आत्यानेच तर छापलंय. पुढे ते निळ्या दाराचं आहे, त्याची कडी तुटलीय. त्याच्यापुढे कुलूपवालं."

क्रम बरोबर होता. घड्या घालताना पाठ झाला असणार.

"घ्या," दादा आरशात बघत म्हणाला. "तयार झाली कार्यकर्ती. अभिनंदन मॅडम."

"तू रस्ता बघ," वहिनी त्याला म्हणाली.

मग भाचीने विचारलं, "आत्या, चांगलं कुठे आहे?"

फोनमध्ये त्या रस्त्यावरचा प्रत्येक उकिरडा होता, चांगलं एकही नव्हतं. आणि रस्त्यावर एक होतं, हे मला आठवत होतं. नळाला पाणी, पिशवी अडकवायला खुंटी, बाहेर फिनेलची बादली घेऊन उभ्या असलेल्या बाई. मी आत गेले, हलकी झाले, आणि वैतागले, कारण छापण्यासारखं काही मिळालं नव्हतं. फोटो काढला नाही. ते महाडच्या अलीकडे की पलीकडे, तेही लक्षात ठेवलं नाही. म्हणून रस्ता बांधणारे सुटले, असं कोणी समजू नये. ते नालायकच आहेत आणि ते मी पुन्हा छापेन. पण आठ वर्षांच्या मुलीला मी फक्त कुठे जाऊ नये एवढंच शिकवलं होतं.

"आत्ता आलीय का?" मी विचारलं.

"वडखळपासून."

आई मागे वळली. "वायच कळ काढ गो बाय. माणगाव इलाच."

"अजिबात काढायची नाही," मी ओरडले. "दादा, थांबव गाडी."

"इथे? इथे काय आहे? आडोसा बघू का?"

"आडोशाला नाही जाणार," भाची म्हणाली. आता तिचे पाय एकमेकांत आवळलेले होते.

"थांबव म्हटलं ना!"

थांबवली. रस्त्याला लागून एक घर होतं. अंगणात एक बाई प्लास्टिकच्या कागदावर आमसुलं पसरत होत्या. एवढे फोटो काढले, पण कोणाच्या दारात जाऊन विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"काकी, मुलीला जायचंय."

"मग उभ्या काय राहताय? मागे आहे. बादली भरून घ्या."

भाचीने आधी दार तपासलं. कडी खालीवर करून पाहिली, नळ सोडून पाहिला, मग आत गेली. वहिनी दाराला टेकून उभी राहिली.

"आग होतेय का गं?"

आतून आवाज आला, "थोडीशी."

वहिनीने डोळे मिटले. काकींनी तोवर तांब्या आणला होता. भाची ओट्यावर बसून घोट घोट पाणी प्यायली. अर्ध्यावर थांबली, वहिनीने तांब्या पुन्हा तिच्या तोंडाला लावला. दादाने घड्याळ बघितलं. मी म्हटलं, ही परत जाऊन येईपर्यंत इथून कोणी हलायचं नाही. तो म्हणाला, लोकांच्या घरी मुक्काम करतेस काय? वहिनी म्हणाली, हो, करतेय. विषय संपला.

पाऊण तास बसलो. आईने आमसुलं उलटवायला घेतली. भाचा कोंबडीमागे धावला. काकींनी मला विचारलं, काय करता?

"पत्रकं काढते."

"कसली?"

"संडासांची."

त्या एवढ्या हसल्या की हातातली आमसुलं सांडली. मी फोन काढून त्या घराची जागा नकाशावर नोंदवायला लागले, म्हणजे एक तरी चांगली जागा हाताशी राहील. दादाने वाकून पाहिलं. "आता यांच्या दारात रांग लावणार का तू?" त्याचं बरोबर होतं. नोंद पुसली.

भाची उठली. कोणी सांगितलं नव्हतं. मागे एकटी गेली, आतून कडी लावली. वहिनी या वेळी दारापाशी गेली नाही, ओट्यावरच बसून राहिली. भाची ओले हात फ्रॉकला पुसत परत आली तेव्हा वहिनीने पुन्हा विचारलं, आग झाली का.

"नाही," भाची म्हणाली. "आत्ता नाही झाली."

वहिनीने तांब्या पुन्हा भरून मागितला.