मांडीच्या हाडाइतकी पेटी

शफीरा काहीच टाकत नसे. नवऱ्याचा, मतन्याचा, पडलेला दातसुद्धा तिनं लोकरीच्या चिंधीत बांधून ठेवला होता. मेलेले एक दिवस उठणार, हे ती पीठ मळता मळता सांगे. गल्लीतले काही विणकर म्हणत, गालीलचा एकजण उठलासुद्धा. त्यावर ती म्हणे, "एकट्यानं उठून काय करायचं? उठायचं तर सगळ्यांनी एकदम."

तिचा धाकटा दीर एल्यासाफ मंदिरातल्या याजकांच्या पंथातला. मेला तो संपला, एवढंच तो मानी.

मतन्याला जाऊन वर्ष झालं. थडग्याच्या कोनाड्यात आता नुसती हाडं उरली असणार. रीतीप्रमाणे ती गोळा करून दगडी पेटीत ठेवायची होती. मूलबाळ नव्हतं, म्हणून हे काम दिराकडे आलं. पेटी मांडीच्या हाडाइतकी लांब लागते. पाथरवटानं माप मागितलं, तेव्हा शफीरानं स्वतःच्या मांडीला दोरी लावली आणि नवऱ्याची उंची आठवून थोडी वाढवली.

थडग्यात एल्यासाफनं एकेक हाड तेल आणि द्राक्षारसानं पुसलं, आत ठेवलं. मांडीचं हाड मात्र बसेना. तिरकं केलं तरी टोक वर राहिलं, झाकण लागेना.

"टोक जरा मोडतो, वहिनी."

"आणि लंगडत उठायचं त्यांनी?"

"उठला तर आधी दात शोधत बसेल. लंगडं चालणं पुढची गोष्ट."

"भावोजी, मोडून तर बघा!"

तो बाहेर गेला आणि दुपारी दोन हमालांकडून एक पेटी उचलवून घेऊन आला. कोरीव फुलांची, त्यानं स्वतःसाठी करून ठेवलेली.

"ही तुमची ना?"

"दादा माझ्याच उंचीचा होता. आणि मला कुठं उठायचंय? मला कशातही घाला."

हाड बसलं. दात शफीरानं शेवटी ठेवला.

आखूड पेटी तिनं घरी नेली, स्वतःसाठी. तोवर तीत लोकर ठेवू लागली.

पुढे काही हिवाळ्यांनी एल्यासाफ गेला. वर्ष भरल्यावर ती थडग्यात गेली, त्या फुलांच्या पेटीचं झाकण सरकवलं, मतन्याच्या हाडांवर स्वच्छ कापड अंथरलं आणि वर दिराची हाडं ठेवली.

शेजारची म्हणून मी सोबत गेले होते, तेलाचं भांडं धरून उभी होते. म्हटलं, "काकी, त्यांना उठायचं नव्हतं ना?"

"नका उठू म्हणावं. पण हे उठले की धाकट्याला हाक मारणारच," शफीरा म्हणाली. "ती तरी जवळून ऐकू यायला हवी."