काकूंचा गुलाब आणि सरांचे ठिपके

अख्ख्या जुन्नर तालुक्यात रोगट पान बघून ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस एकच, आणि तो म्हणजे कॉलेजात आम्हाला बॉटनी शिकवणारे आमचे सर. पिशवीत वर्तमानपत्रात दाबलेली पानं आणि एका भिंगाचा साधा सूक्ष्मदर्शक, इतकं घेऊन ते कुठेही निघत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बुरशीलाही रूप असतं हे मला या माणसाने दाखवलं, आणि दाखवता दाखवता पार दमवलं. माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या हातातल्या गुच्छातलं पांढरी बुरशी धरलेलं पान खुडून ते ओरडले, "भुरी!" विहीणबाई घाबरल्या, "अवो, काय झालं आमच्या पोराला?" लोणी गावाला शेवंतीच्या वावरात शेतकऱ्याने फवारणीचा पंप पाठीला लावला, की हे आडवे. "जरा थांबा, तांबेरा अजून नीट पिकला नाही!" तो वैतागून म्हणाला, "सर, तुमी झाडाकडून हाय का रोगाकडून?"

खरे हाल होते ते काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, दारातल्या गुलाबाचे. त्याच्या पानांवरचे काळे ठिपके दरवर्षी आमच्या प्रॅक्टिकलला लागत, म्हणून औषधाला बंदी. पानं गळत, कळी धरेना. आपल्या दारचं एक फूल ओझरच्या विघ्नहराला वाहायचं, एवढंच काकूंच्या मनात. "समद्या गावाला औषध सांगता, माझ्याच झाडाला का न्हाई वो?"

"अगं, यंदाची बॅच जाऊ दे."

अशा किती बॅचा गेल्या. मीही आता तासाच्या पैशांवर बॉटनी शिकवतो, एसटीने या कॉलेजातून त्या कॉलेजात. मुलं ठिपके मोबाइलवरच बघतात. मीही थकून तेच चालवून घेतो.

निवृत्त झाल्यावर सरांनीच माझ्याकडून औषध मागवलं आणि स्वतः फवारलं. दोन-तीन फवारण्यांनंतर टपोरं फूल आलं. काकू ओझरला जाऊन ते वाहून आल्या.

त्यानंतर एकदा गेलो, तर सर ओट्यावर भिंगाला डोळा लावून बसलेले. खाली हिरवंगार पान.

"काय दिसतंय, सर?"

"काही नाही रे. चांगलंच आहे पान." आवाज अगदी दमलेला.

काकूंनी आतून ऐकलं. त्या मागच्या दाराने गेल्या आणि एक कुंडी घेऊन आल्या. त्याच गुलाबाची फांदी त्यांनी गुपचूप लावली होती. पानन् पान ठिपक्यांनी भरलेलं. कुंडी सरांपुढे ठेवून त्या म्हणाल्या, "हे घ्या. याला नाय मारलं औषध. पण जेवायला हाक मारीन तवा उठायचं, सांगून ठेवते."